बाजाराच्या दिवशी

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता तेव्हा मोबाइल टेबलावर थरथरला आणि आईचं रक्त माझ्यासमोर आलं. म्हणजे रिपोर्ट. मेहकरच्या लॅबवाल्या तौसिफने पाठवलेला, खाली नेहमीचं हात जोडलेलं चित्र. मी एका फायलीवर ‘सादर’ इतकंच लिहिलं होतं. पेन तसाच धरून डाव्या हाताने मी ती पानं सरकवली. लॅबच्या कागदावर जे ठीक असतं ते बारीक अक्षरात असतं आणि जे बिघडलेलं असतं ते ठळक, काळं. हा कागद उघडला तोच काळा. हिमोग्लोबिन काळं. पांढऱ्या पेशी चौदाशे, काळ्या. प्लेटलेट्स अडतीस हजार, काळ्या. खाली लिव्हरचाही एक आकडा काळा होता, पण त्याच्याकडे कोण बघतं. मला यातलं कळतं, हेच वाईट. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना असा कागद आला असता तर त्यांनी तो नवऱ्याला पाठवून डबा उघडला असता. मला मात्र पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार, प्लेटलेट्स दीड लाख ते साडेचार लाख, ही मापं पाढ्यासारखी पाठ आहेत. बारावीच्या वर्षी पाठ झाली. बापाने पाठ करून घेतली. तीन आकडे एकदम खाली गेलेले मी त्या वर्षानंतर पाहिले नव्हते, आणि आता ऑफिसच्या पंख्याखाली, फायलींच्या वासात, कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं, छकुली, वाच.

छकुली हे नाव बुलढाण्यात कुणाला माहीत नाही. इथे मी पुष्पांजली मॅडम. बाप मला छकुली म्हणायचा. दयाराम त्याचं नाव. सायकलच्या मागे बांगड्यांच्या पेट्या बांधून डोणगावच्या आसपासची सगळी गावं फिरायचा, आणि बाईचा हात नुसता दाबून बघितला की माप सांगायचा, दोन-चार, दोन-सहा. मग त्याच्या मांड्यांवर निळे डाग उठले. संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मोठ्या दवाखान्यात नेला तर केसपेपर लिहिणाऱ्याने विचारलं, धंदा काय? बाप त्या तापातही ताठ होऊन म्हणाला, लिव्हा, बांगड्यांचा व्यापारी. रोज सकाळी रक्ताचा कागद यायचा आणि बाप उशी पाठीशी घेऊन म्हणायचा, छकुली, वाच. मी वाचायची. तो कागदाकडे कधीच बघायचा नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. आकडे त्याला माझ्या तोंडावरून कळत. त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढला, त्या दिवशी मी बाहेरच्या बाकड्यावर कानात बोटं घालून बसले होते तरी ऐकू आलंच. आई आत होती, त्याचे पाय धरून. नंतर ती बाहेर आली आणि तिच्या हातातल्या बांगड्यांपैकी दोन वाढल्या होत्या. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पुढे सगळ्याच वाढवाव्या लागल्या.

सुट्टी झाली. मी डबा न उघडता जिन्याखाली गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. हे सांध्यांचे डॉक्टर. महिन्यापूर्वीच आईला त्यांच्याकडे नेलं होतं. सकाळी उठली की तिची बोटं वळत नसत, चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून प्यायची. त्यावर त्यांनी एक पिवळी गोळी सुरू केली होती आणि महिन्याने रक्त तपासायला सांगितलं होतं. फोनवर मी आकडे वाचून दाखवले. वाचताना माझा आवाज बारावीतला झाला, हे माझं मलाच जाणवलं. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ताप? माहीत नाही. तोंडात फोड? माहीत नाही. अंगावर डाग? माहीत नाही म्हणताना मला स्वतःचाच राग आला, कारण बुलढाण्याहून आमचं गाव काही परदेशात नाही. मग ते म्हणाले, “नीट आठवून सांगा. ती पिवळी गोळी त्या चुकून रोज तर घेत नाहीत ना?”

मी म्हणाले, छे. आई शिस्तीची आहे. तुम्ही सांगितलंत तशीच घेते, बाजाराच्या दिवशी. आमच्या गावचा बाजार बुधवारी असतो. डॉक्टर सावकाश बोलले. तीन आकडे असे एकदम पडले की आम्ही आधी औषधाकडेच बोट दाखवतो, पण आठवड्याला एक अशा इतक्या कमी गोळ्यांनी एवढी पडझड सहसा होत नाही. तरी ती गोळी आजपासून बंद. आणि त्यांना लवकर घेऊन या, हाडातली मज्जा तपासून घ्यावी लागेल. ताप आला तर क्षणभर थांबू नका. मज्जा, म्हणजे बापाच्या कमरेतून काढला तो मगज. मी परवा आणते म्हणाले. उद्या का नाही, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगणार होते मी? मला एक दिवस हवा होता. आई आजारी आहे हे जगात फक्त मला आणि त्या कागदाला ठाऊक आहे, असा एक दिवस.

ही बाजाराच्या दिवसाची गोष्ट त्या डॉक्टरांची स्वतःची. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर विष, हे त्यांनी माझ्याकडे बघून इंग्रजी मिसळत सांगितलं होतं. मग खुर्ची वळवून आईला म्हणाले, आजी, ही पिवळी गोळी बाजाराच्या दिवशी एक. बाजार नसेल त्या दिवशी अजिबात नाही. मला म्हणाले, खेड्यातली माणसं वार विसरतात, बाजार विसरत नाहीत, मी सगळ्यांना असंच सांगतो. मला ते फार आवडलं होतं. आई पदराने तोंड पुसत मान हलवत राहिली. त्याच्या आधी त्यांनी पेपरवर वय लिहिलं, वजन लिहिलं, आणि विचारलं होतं, काय करतात आई? मी म्हणाले, घरीच असते. पटकन म्हणाले. पुढच्या खुर्चीवर आमच्या साहेबांच्या मिसेस बसल्या होत्या, त्यांचे गुडघे दुखतात. आणि खोटं तरी काय होतं त्यात? संध्याकाळी घरीच असते की. बाप गेल्यावर त्याच्या पेट्या तिने उचलल्या, सायकल येत नव्हती म्हणून डोक्यावर आणि एसटीच्या टपावर घातल्या, एका बाईने विधवेच्या हातून बांगड्या भरून घ्यायला नकार दिला तर दुसरीला हाक मारली, आणि मला शिकवलं, बी.ए. केलं, परीक्षेला बसवलं. हे सगळं एका छापील रकान्यात कुठे मावणार? मी मनातल्या मनात असं भांडत जिन्याखालून वर आले आणि ‘सादर’पुढे सही ठोकली.

संध्याकाळी मी गावी फोन केला. आईचा आवाज जाडसर येत होता. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. काय झालं गं? काही नाही, तोंड आलं जरासं, उष्णता झाली, थंड दूध पिऊन राह्यली. रिपोर्ट आला का तो? मी म्हणाले, यायचाय. गोळीचं मात्र बोलले नाही. बोलले असते तर तिने विचारलं असतं काऊन बंद, आणि मग मला वाचून दाखवावं लागलं असतं. शिवाय बुधवार कालच होऊन गेला होता. पुढचा बुधवार आठवड्यावर. गोळी बंद करायची घाई नव्हती. असा हिशोब मी केला, सरकारी नोकरीत हिशोब करायची सवय लागते, आणि त्या हिशोबाने माझा जीव थोडा भांड्यात पडला. मी भाजी चिरली. भागवत, माझा नवरा, शाळेच्या वह्या तपासत बसला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, मग उद्या पहिल्या गाडीने जा. मी त्याच्यावर फिस्कारले. तुला काय कळतं त्यातलं, म्हणाले. तो बिचारा वहीत बघू लागला.

दुसरा दिवस मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसला गेले, लोकांशी बोलले, एका माणसाचं उत्पन्नाचं प्रकरण दोनदा परत पाठवलं. पण दिवसभर बाप होता. तो काही पांढऱ्या कपड्यात वगैरे उभा नव्हता. तो आपला वासात होता. आमच्या बाथरूममध्ये फिनाइल टाकलं की तो वॉर्ड येतो. जिन्यात कुणाच्या तरी हातात काचेच्या बांगड्या वाजल्या आणि मी मागे वळून बघितलं, तर कुणी नव्हतं, पंचायत समितीतली एक बाई पुढच्या वळणावर निघून गेली होती. मी स्वतः बांगड्या घालत नाही. घड्याळ घालते. माझ्या लग्नात आईने भरलेला हिरवा चुडा मी महिन्याभरात उतरवून ठेवला, टायपिंगला अडतो म्हणून. तेव्हा आई काही बोलली नव्हती, नुसता माझा हात उचलून मनगटावरून अंगठा फिरवला होता. ते मला त्या दिवशी आठवत राहिलं. आणि आठवत राहिलं ते हे की मी आईचं सुतक मनातल्या मनात सुरू केलंय. कोणाला कळवायचं, कोण कुठून येईल, तेराव्याला ऑफिसची माणसं गावी कशी येणार आणि आली तर पेट्या कुठे ठेवायच्या. पेट्या लपवायचं मनात आलं होतं. आई जिवंत होती, शेवया वळत बसावी तशी कुठेतरी बसली होती, आणि मी तिच्या तेराव्याला तिच्या पेट्या लपवत होते.

दुपारी डॉक्टरांचा निरोप आला, आणताय ना? मी हो लिहिलं. तौसिफचाही फोन आला होता. त्याने आपणहून नमुना दोनदा लावून पाहिला होता, आकडा तोच. ताई, आजीला रक्त काढल्यावर बराच वेळ कापूस दाबून धरावा लागला, तेव्हाच मला शंका आली होती, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला आणि परत तो कागद उघडला. दिवसभरात किती वेळा उघडला कुणास ठाऊक. आकडे बदलत नव्हते. मी बोटांनी स्क्रीन ताणून ते मोठे केले, इतके मोठे की चौदाशेतला एक नुसता काळा खांब दिसायला लागला. छकुली, वाच. काय वाचू, बाप्पा? तू ऐकून घेऊन कुठे राहिलास?

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी धरली. चिखलीपर्यंत उभी, मग खिडकी मिळाली. मेहकरला उतरून डोणगावची गाडी, तिथून पुढे आमचं गाव, असा बेत होता. बॅगेत आईसाठी थंड दुधाची बाटली आणि एक नवी साडी होती, दवाखान्यात बरी दिसावी म्हणून. माझी वृत्ती बघा. गाडी हिवरा आश्रमला थांबली तर बाजार भरलेला. मेथी, कांदे, प्लास्टिकच्या बादल्या, कोंबड्या, गर्दी थेट एसटीच्या दारापर्यंत. मी खिडकीतून उगीच बघत होते आणि मला एक निळी ताडपत्री दिसली, एका कोपऱ्याला लाल धाग्याने शिवलेली. तो धागा माझा होता. कॉलेजला असताना मी शिवला होता. ताडपत्रीखाली पेट्या मांडून आई बसली होती. घरीच असलेली माझी आई. कंडक्टरने बेल मारली आणि मी ओरडले, थांबा, मले उतरू द्या. मले म्हणाले. बुलढाण्यात इतक्या वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते.

मी थेट तिच्यासमोर गेले नाही. शेजारी अमीना नावाची बाई रिबिनी आणि क्लिपा विकते, तिच्या दोरीवरच्या रिबिनींआड उभी राहिले. आधी आईला बघून घ्यायचं होतं. आईपुढे एक नवी नवरी बसली होती. आईने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला, चारी बोटं एकत्र जुळवली आणि बांगडी चढवली, मग दुसरी, मग तिसरी. बोटं वळत होती तिची. कष्टाने वळत होती, पण वळत होती. मात्र पदर सरकला तेव्हा कोपरापासून वर दंडावर निळा डाग होता, वाटीएवढा, आणि त्याखाली बारके लाल ठिपके. मी त्या ठिपक्यांना ओळखते. नवरीच्या सासूने काहीतरी गमतीचं म्हटलं आणि आई हसली तर हिरड्यांना रक्त होतं. बाजार चाललेला होता. कुणीतरी लसणाचा भाव ओरडत होता. नवरी उठून गेली, आईने कमरेची चंची काढली, तिच्यातून गोळ्यांची पट्टी काढली, एक पिवळी गोळी तळहातावर घेतली, आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर, तोंड वाकडं करत, गिळून टाकली.

आज बुधवार नव्हता. मी रिबिनी बाजूला सारून पुढे झाले. आईने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, आणि मग लगेच, मी बघितलं ते, तिने माझ्या मागे बघितलं. माझ्याबरोबर ऑफिसचं कोणी आहे का म्हणून. कुणी नाही म्हटल्यावर तिने जागा झटकली आणि म्हणाली बस. मी बसले नाही. मी विचारलं, ही गोळी आज काऊन घेतली? ती म्हणाली, आज बाजार नाही का हिवऱ्याचा? मग मी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. काल लोणीचा बाजार होता, घेतली. परवा बाजार नव्हता, नाही घेतली, डॉक्टरसाहेबांनी सांगतलं होतं ना अजिबात नाही. त्याच्या आधी आपल्या गावचा, घेतली. मेहकरचा, घेतली. जानेफळचा, घेतली. एक पट्टी कधीच संपली, दुसरी मेहकरच्या मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवून आणली. एकही बाजार चुकवला नाही. हे ती कौतुकाने सांगत होती. शाळेतलं पोर पाठांतर म्हणून दाखवतं ना, तसं. मी कालचा दिवस मोजला आणि आजचा. माझ्या हिशोबातल्या सवडीत तिने दोनदा विष गिळलं होतं, त्यातलं एक आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर.

माझं डोकं फिरलं. मी तिच्यावर चिडले, बाजारात, चारचौघांत, आणि वऱ्हाडीत. तुले एवढं बी नाही समजलं? आठवड्यात एकच डाव घ्याची होती. सगळ्या जगाले बाजार एकच असते, आपल्या गावचा. तुले शंका आली नाही? डॉक्टरले इचारलं काऊन नाही, कोणचा बाजार म्हणून? अमीना क्लिपा लावता लावता थांबली. आई माझ्याकडे बघत नव्हती. एक लहान मुलगी हात पुढे करून उभी होती, आईने तिचा हात धरला, बांगडी निवडली, चढवली, हात वळवून बघितला आणि सोडला. मग खाली बघूनच बोलली.

“आली होती शंका. पण तूच त्याले सांगतलं ना, मी घरीच रायते म्हणून. मंग घरी रायणाऱ्या बाईनं कसं इचारावं, कोणचा बाजार? तुही गोष्ट खोटी पडली असती, माय.”

ती हे टोचून बोलली असती तर मी वाचले असते. ती समजूत घातल्यासारखं बोलली. मी काय केलं ते मला आठवत नाही. अमीना नंतर म्हणाली की मी खाली बसून पेटीतल्या बांगड्या रंगाप्रमाणे लावत होते आणि रडत होते. पेट्या अमीनाच्या स्वाधीन केल्या. आईने निघता निघता तिला भाव सांगून ठेवले. मग जीप ठरवली आणि बुलढाण्याला निघालो. जीपमध्ये आईचं अंग माझ्या अंगाला लागत होतं आणि कोमट होतं, ताप आहे की ऊन आहे मला ठरवता येईना. मी तिला रिपोर्टचं सांगितलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुह्या बापासारखं का? मी म्हणाले, नाही गं, गोळीनं. ती बाहेर बघत म्हणाली, गोळीनं असंल तर बरं. जीपमध्ये पुढच्या आरशात मागचं रिकामं सीट दिसत होतं. त्या सीटवर कोण बसलंय ते मी बघितलं नाही.

डॉक्टरांची खोली तीच, फक्त आता आई खुर्चीवर नाही, तपासायच्या टेबलावर आडवी होती. त्यांनी तिचं तोंड उघडून टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा बदलला. दंड बघितले, पोट दाबलं. शेजारी नर्सने निर्जंतुक कापडात गुंडाळलेला एक ट्रे आणून ठेवला. आत काय असतं ते मला उघडायची गरज नव्हती. डॉक्टर आईवर वाकून मोठ्याने म्हणाले, आजी, पिवळी गोळी कधी घ्यायच्या तुम्ही? मी तोंड उघडलं, पण आईने मला बोलूच दिलं नाही. फोडांनी भरलेल्या तोंडाने, घाईघाईने ती म्हणाली, बाजाराच्याच दिवशी साहेब, तुमी सांगतलं तशी, आपल्या गावच्या बाजारी, मी घरीच रायते ना. आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, असू दे. मी म्हणाले, नाही डॉक्टर, रोज घेतली, ती रोज वेगळ्या बाजारात बांगड्या विकते, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. आई टेबलावर उठून बसायला लागली. म्हणाली, पोरगी घाबरली साहेब, तिच्या बापाचं झालं तवापासून रक्त म्हटलं की अशीच काहीबाही बोलते. डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. ट्रेवर नर्सचा हात होता. मज्जेत सुई घालायची की उताऱ्याचं इंजेक्शन सुरू करायचं, हे दोन बायकांपैकी कोण खरं बोलतेय यावर आलं होतं, आणि आई मरेल पण माझ्या देखत खरं बोलणार नाही हे मला त्या क्षणी समजलं. तिच्यासाठी ते काही मोठं नव्हतं. चुडा उतरवला तेव्हा गप्प बसली तसंच.

मी डॉक्टरांना म्हणाले, मी बाहेर जाते. तुम्ही परत विचारा. आई म्हणाली, काऊन जातं, थांब. मी गेले. दार लोटलं. बाहेर बाकडं होतं, बारावीच्या वर्षी होतं तसलंच, आणि त्यावर साहेबांच्या मिसेस गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या होत्या. अय्या, तुम्ही, आईंना आणलं का, असं काहीतरी त्या म्हणाल्या. या वेळी मी कानात बोटं घातली नाहीत. आत डॉक्टरांनी आवाज खाली आणून काहीतरी विचारलं. मग आईचा आवाज आला, आधी चाचरत, मग बाजारात असतो तसा मोकळा. मेहकरचा बाजार मोठा साहेब, तिथं घेते चहासंगं. मंग जानेफळ. मंग आपलं गाव. लोणीले गिऱ्हाइक कमी, पन जाते. हिवऱ्याले लग्नसराईत उभं रायाले जागा नसते. तेवीस वर्षं झाली साहेब, मालक गेले तवापासून. हात पाहूनच माप सांगते मी. तुमच्या नर्सबाईचा दोन-चार हाय. दाराला फट होती, सगळं बाहेर येत होतं. साहेबांच्या मिसेस ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. आत ट्रे उचलल्याचा आवाज झाला आणि डॉक्टर नर्सला इंजेक्शनचं नाव सांगत बाहेर डोकावले, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आई वाचली. पांढऱ्या पेशी काही दिवस आणखी खाली जाऊन मग वर चढल्या, तोंड भरून आलं, रोज रक्ताचा कागद यायचा आणि त्यातली काळी अक्षरं एकेक करून बारीक होत गेली. शेवटचा कागद आला त्या दिवशी मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला, आणि ती कागदाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. आता ती परत बाजार करते, पिवळी गोळी कायमची बंद आहे, बोटं सकाळी पुन्हा वळत नाहीत. मी तिला म्हणते, तू डॉक्टरांना सगळं सांगितलंस ते बरं केलंस. ती म्हणते, हाव, तू बाहेर गेली म्हणून सांगतलं. मागच्या आठवड्यात ती आमच्या फ्लॅटवर आली होती. वरच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या राहून बोलत होत्या, त्यांनी कौतुकाने विचारलं, आजी, गावाकडं काय करता तुम्ही? आईने माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला म्हणून आत गेले, आणि स्वयंपाकघरात नळ न सोडता ऐकत उभी राहिले.